पिवळं पाणी

धनराजच्या हाताला गुण होता, हे त्याचं वाईट चिंतणारेसुद्धा कबूल करायचे. नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका गॅरेजात त्यानं उमेदीची वर्षं गाड्यांचे ओरखडे पुसण्यात काढली. लॉकडाऊनमध्ये ते गॅरेज बसलं, तेव्हा त्याची बायको उज्वला मोबाइलवर बघून बघून रेझिनचं काम शिकली. लग्नाचे हार, बाळाचं जावळ, असं काय काय लोक आणून द्यायचे आणि ही बाई ते काचेसारख्या रेझिनमध्ये बसवून कायमचं करून द्यायची. ओतायचं तिनं, घासायचं यानं. अंबडला घराला लागूनच पत्र्याचं शेड टाकलं होतं. संसार आणि धंदा एकाच पंख्याखाली चालायचा.

आता घासणं म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोळ कळायचा नाही. रेझिन वाळून कडक झालं की त्यावर धुळीचे कण बसलेले असतात, कुठं लाट आलेली असते. ते वॉटर पेपरनं घासायचं. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी कंपाउंड लावून मशीननं चमक आणायची. गंमत अशी, की घासताना ती वस्तू आंधळी होते. वरचा थर पांढराफटक पडतो, आतलं काही दिसत नाही. म्हणून पाणी मारत मारत घासायचं. पाणी पडलं की आतलं पुन्हा दिसतं आणि आपण किती खोल आलो ते कळतं. हे सगळं धनराज दुसऱ्यांना शिकवायचा. शिकवणाऱ्यानं स्वतः पाळलंच पाहिजे, असा कुठं कायदा आहे?

वणीहून सृष्टी नावाची शाळामास्तरीण आली ती एक जुनी सागाची फळी छातीशी धरून. फळीवर हळदीचा पंजा. त्यांच्या घरची रीत अशी, की लेक सासरी निघाली की आईनं हळदीत हात बुडवून दारावर पंजा उमटवायचा. सृष्टी निघाली तेव्हा तिच्या आईनं, कुसाबाईंनी, तो उमटवला होता; सासर गावातच, पण रीत ती रीत. पुढं कुसाबाई गेल्या. मग घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं, तेव्हा भावानं दाराची तेवढी फळी कापून ठेवली. बाजूची कोरी फळीही सोबत दिली होती, चौकटीला लागली तर असू द्या म्हणून.

"दादा, आईचे फोटो पुष्कळ आहेत," सृष्टी म्हणाली. "पण फोटोला आईचा हात लागलेला नाही. याला लागलाय."

आईच्या वर्षश्राद्धाला तिला तो पंजा भिंतीवर लावायचा होता.

उज्वलानं थर ओतला. लाकूड जुनं, मधे जरा फुगलेलं, त्यामुळं नेमका पंज्यावरच थर पातळ बसला. तो पुरता कडक झाला, तशी तिनं नवऱ्याला बजावलं, की इथं मशीन लावू नका, हातानं घासा, पाणी सोडू नका. धनराजनं हो हो म्हटलं. मग ती देवळालीला बहिणीकडं गेली आणि इकडं एका हॉटेलवाल्याचा टेबलासाठी फोन आला. धनराजनं विचार केला, हे चिल्लर काम तेवढं उरकून टाकू. मशीन लावलं, तेही कोरडंच. फळी पांढरी पडत गेली, हा गाणी ऐकत राहिला. अति घाई संकटात नेई, असं घाटातल्या पाटीवर लिहिलेलं असतं, पण ते ट्रकवाल्यांसाठी असतं अशी आपली समजूत.

मशीन बंद करून त्यानं फळीवर पाणी मारलं, तर पाणी पिवळं झालं.

त्यानं पुन्हा मारलं, पुन्हा पिवळं. फडक्यानं टिपून बघतो, तर अंगठा नाही, तर्जनी नाही, मधलं बोट नाही, तळव्याचा वरचा भाग नाही. अनामिका आणि करंगळी तेवढी शिल्लक, आणि खाली मनगटाकडची पिवळी कड. एका बाईचा हात त्यानं चहा गार व्हायच्या आत पुसून टाकला होता.  फडकं पिळून पिवळं झालेलं बादलीतलं पाणी त्यानं उचलून मोरीत ओतलं आणि वरून तांब्याभर स्वच्छ पाणी टाकलं.

तेव्हाच फोन करायचा होता. चूक झाली ताई, असं म्हटलं असतं तर ती रडली असती, शिव्या दिल्या असत्या, एखादवेळी निभावलंही असतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. धनराजनं ती फळी पोत्यात गुंडाळून बाकाखाली सारली. उज्वला आल्यावर तिला सांगितलं, की वणीचं काम झालं, बांधून ठेवलंय. आणि वर म्हणाला, की मला पण ओतायला शिकायचंय. ही कोरी फळी त्यांना नकोय, तिच्यावर नमुना करतो. तुझा हात दे जरा.

"आज माझ्या हाताचं कौतुक कसं काय सुचलं?" असं म्हणत ती हसली, वाटीत हळद कालवली आणि उजवा पंजा फळीवर दाबला. हसण्यात अंगठा जरा सरकला आणि फराटा उठला. पुन्हा करू का, असंही तिनं विचारलं. राहू दे, असाच छान आहे, असं तो म्हणाला, आणि त्याला तिच्याकडं बघवेना.

तो थर त्यानं स्वतः ओतला आणि हातानं घासला. एकेका पेपरला अर्धा दिवस दिला. पाणी मारी, बघी, पुन्हा घाशी. जन्मात इतकं देखणं काम त्यानं केलं नव्हतं. चमक अशी आली, की त्यात त्याचं स्वतःचं तोंड दिसायला लागलं, म्हणून त्यानं फळी पालथी घालून ठेवली.

उज्वला बाजारात गेलेली असताना सृष्टी फळी न्यायला आली. बराच वेळ बघत राहिली. बोटं जरा बारीक वाटतात, असं म्हणाली. धनराजनं तोंड वर करून सांगितलं, की पॉलिश झाल्यावर असंच दिसतं. तिनं विश्वास ठेवला. कामातलं त्याला कळणार नाही तर कुणाला, असं तिला वाटलं असणार. निघताना वर्षश्राद्धाला जोडीनं जेवायला यायचं वचन घेतलं, आणि उज्वलाला वेगळा फोन करून पुन्हा सांगितलं. धनराजनं दहा सबबी सांगितल्या, पण उज्वला काही ऐकेना. एवढ्या मायेनं बोलावलंय, जायलाच पाहिजे, असं तिचं म्हणणं.

वणीला भावाच्या त्या नव्या घरात समोरच्या भिंतीवर कुसाबाईंचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी फळी. दोन्हींना चंदनाचे हार. दोन्हींपुढं उदबत्ती. येणारा प्रत्येक माणूस आधी फोटोला आणि मग पंज्याला हात जोडत होता. कुसाबाईंची थोरली जाऊ भागीबाई फळीपुढं बसून डोळे पुसत होती. सृष्टी तिला दाखवत होती, की बघा मोठ्याई, अंगठा कसा सरकलाय, आईला कायम घाई असायची ना.

उज्वला दारातच थबकली. ती अंगठ्याच्या फराट्याकडं बघत राहिली, मग स्वतःच्या हाताकडं, मग नवऱ्याकडं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथं तर भर दुपारचं ऊन पडलं होतं. धनराजनं मान खाली घातली. सृष्टीनं उज्वलाच्या दंडाला धरून तिला पुढं नेलं आणि म्हणाली, की हे तुम्हा दोघांमुळंच राहिलं. उज्वलानं हाराखालच्या स्वतःच्याच हाताला हात जोडले.

खीर, वडे, सगळं पानात पडलं. धनराजला एकेक घास ढकलावा लागला. उज्वलानं पानावर फक्त हात ठेवला होता. 

घरी आल्यावर तिनं त्याचं ताट घेतलं आणि डाव्या हातानं वाढायला लागली. भाकरी डाव्या हातानं, भाजी डाव्या हातानं. अशुभ म्हणून जे कुणी करत नाही, ते ती मुकाट करत होती. न राहवून तो म्हणाला, की अगं, उजव्या हातानं वाढ ना.

"उजवा हात वणीला आहे," ती म्हणाली. "हार घालून ठेवलाय तुम्ही."

मग त्यानं सगळं सांगितलं. मशीन, पोतं, नमुना, सगळं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, की माझ्या हाताला काय व्हायचं ते होईल, पण ती पोर रोज उठून परक्या बाईच्या हाताला आई म्हणणार आहे.

सकाळी धनराजनं बाकाखालून पोतं काढलं. फळीवर दोन बोटं आणि मनगटाकडची कड तशीच होती. उज्वलानं वर नवा थर ओतून दिला, या खेपेला जाड. तो वाळून पुरता कडक होईस्तोवर धनराजनं दुसऱ्या कामाला हात लावला नाही, हॉटेलवाल्यालाही दुसरा माणूस बघ म्हणून सांगितलं. मग पाणी घेऊन बसला. त्या दोन बोटांवरून पेपर फिरवताना ताप आलेल्या माणसाचं अंग पुसावं, तसा त्याचा हात चालला होता. पाणी दर वेळी दुधासारखं पांढरं निघत होतं. एकदा तरी पिवळं निघेल या भीतीनं त्याचा जीव टांगणीला लागला होता, पण निघालं नाही.

वणीला त्या घराचं दार सृष्टीनंच उघडलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंदच होता. धनराजनं उंबऱ्याच्या बाहेर उभं राहूनच सांगितलं. सांगताना काही गाळलं नाही, काही सावरलं नाही. शेवटी पोतं सोडून फळी तिच्या हातात दिली. ती आत गेली. आधी तिनं भिंतीवरच्या पंज्याचा हार काढला. मग ती फळी उतरवून त्याच्या हातात आणून दिली.

"जित्या बाईच्या हाताला हार नको," ती म्हणाली. "ताईंना द्या."

पाणी घेता का, असं तिनं विचारलं नाही. त्यानंही अपेक्षा ठेवली नव्हती. तो वळणार एवढ्यात ती म्हणाली, "ती बाकीची हळद पाण्यात गेली असंल ना? ते पाणी कुठं टाकलंत?"

शेडच्या दाराशी तुळस होती. तुळशीत ओतलं, असं म्हणता आलं असतं. एवढं एक खोटं तिला धीर देऊन गेलं असतं, आणि त्यालाही.

"मोरीत," धनराज म्हणाला.

सृष्टीनं मान हलवली. मग ती त्याच्याकडं पाठ करून आत वळली आणि चालता चालता तिनं त्या दोन बोटांवर आपली बोटं ठेवली.