पोटावरचा हात

पेशंटला काहीही झालं नाही, म्हणून रोंडा कोस्की दोषी ठरली. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

अमेरिकेतल्या डलुथ शहराच्या या इस्पितळात हृदयातल्या विजेचं काम शिकायला ती आली, त्याआधी गावातल्या दवाखान्यात आठ वर्षं ईसीजी काढत होती. इथे कॅथेटर नावाच्या बारीक नळ्या थेट हृदयाच्या आत जातात, आतल्या रेघा पडद्यावर उमटतात, आणि तंत्रज्ञाने त्या वाचून डॉक्टरला सांगायच्या असतात. पण पडद्यासमोर बसायला मिळण्याआधी शिकाऊ माणसाच्या वाट्याला एक काम येतं. पेशंटच्या पोटावर हात ठेवून उभं राहायचं. डॉक्टर हृदयाला मिळणाऱ्या शिरांच्या तोंडाशी बर्फासारखा गार फुगा टेकवून बिघडलेली जागा गोठवतात, आणि छातीखालच्या, श्वास चालवणाऱ्या पडद्याची नस तिथूनच जाते. तीही गोठली तर माणसाला महिनोन्‌महिने दम लागतो. म्हणून त्या नसेला मुद्दाम विजेच्या टिचक्या मारत राहतात, आणि झोपवलेल्या पेशंटचं पोट उचकी लागल्यासारखं उडत राहतं. उचकी मंदावली की हातवाल्याने ‘थांबा’ म्हणायचं आणि डॉक्टरने त्याच क्षणी थांबायचं. म्हणणारा कुणीही असो, असा नियमच आहे.

मंगळवारी टेबलावर लेस्टर हाउग होता, मालवाहू बोटीवरचा निवृत्त आचारी, चांगला धिप्पाड गडी. चौऱ्याण्णवाव्या सेकंदाला रोंडाच्या तळहाताखालची उचकी मऊ पडली. ती म्हणाली, “थांबा.”

डॉक्टर प्रेंटिसनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पडद्यापाशी बसलेल्या ग्लेन ट्वेटला विचारलं. ग्लेन म्हणजे तिचा गुरू, या कामात वीस वर्षं मुरलेला. पडद्यावर त्या नसेची लाट, म्हणजे प्रत्येक टिचकीला मिळणारा प्रतिसाद, जशीच्या तशी उभी होती. ग्लेन म्हणाला, लाट उत्तम आहे, चालू द्या. तोवर रोंडाच्या हाताखाली जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. मग मात्र ती अशी ओरडली की डॉक्टरांना फुगा सोडावाच लागला. त्यानंतर तिला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी लेस्टर वरांड्यात फेऱ्या मारत होता. श्वास स्वच्छ, एक्स-रे स्वच्छ. झालं! म्हणजे हिने उगाच आरडाओरडा केला, एका शिरेचं काम अर्धवट राहिलं, आणि बिचाऱ्याला कदाचित पुन्हा टेबलावर यावं लागणार, तेही हिच्यामुळे. अहो, पण थांबवलं म्हणूनच काही झालं नाही ना! एवढी साधी गोष्ट त्या खोलीतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात शिरेना.

शुक्रवारी तिच्या शिकाऊ कामाचा सहामाही कागद भरायचा होता. त्यावर ग्लेनची सही झाली नाही तर तिची जागा जाणार आणि ती परत गावच्या दवाखान्यात. ग्लेनने तिला बाजूला घेऊन समजुतीच्या सुरात सांगितलं, की खुलाशाच्या रकान्यात ‘अंदाज चुकला’ एवढं लिहून टाक, मी सही करतो, विषय संपला. वर म्हणाला, “घाबरट हात सगळ्यांचेच असतात गं सुरुवातीला.”

घाबरट हात! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला नाही. तडक यंत्राच्या खोलीत गेली आणि मंगळवारची नोंद काढून बसली. लाट खरंच जशीच्या तशी दिसत होती. तिने आकडे बघितले, तर आकडे भराभर उतरत होते. मग तिच्या लक्षात आलं. यंत्राला सांगून ठेवलं होतं की लाट लहान झाली तर तूच ती मोठी करून दाखव. नस निम्म्याने मेली तरी पडद्यावर सगळं छान! तिने ती सोय बंद केली. बरोबर चौऱ्याण्णवाव्या सेकंदापासून लाट बसत गेलेली समोर आली.

तिने ग्लेनला बोलावून दाखवलं. त्याने खुर्ची ओढून आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. मग म्हणाला, पडदा नीटनेटका दिसतो म्हणून ती सोय त्यानेच चालू ठेवली होती.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“नवं यंत्र आलं तेव्हापासून. अकरा महिने.”

रोंडाला आपल्या जागेचा, सहीचा, सगळ्याचा विसर पडला. अकरा महिने या माणसाने ‘लाट उत्तम आहे’ म्हटलं आणि फुगा चालू राहिला! तिने त्या अकरा महिन्यांतल्या पेशंटांची यादी उघडली. दोन नावांपुढे शेरा होता, नंतर दम लागल्याची तक्रार. वेर्ना पेल्टियर आणि डॅरिल स्टेन्सगार्ड. तिने ती दोन नावं आपल्या कागदावर खुलाशाच्या रकान्यात लिहिली, शेजारी यंत्राची चूक आणि मंगळवारचे आकडे लिहिले, आणि डॉक्टरांना गाठलं. ग्लेन मागोमाग आला.

डॉक्टरांनी सगळं बघितलं. माणूस हुशार, लगेच समजला. म्हणाले, शाबास, तुझा हात पक्का आहे, यंत्र आजच दुरुस्त करून घेऊ. पण हा कागद नवा भर, नावं नकोत, मी स्वतः शिफारस लिहितो.

“आणि त्या दोघांना कोण सांगणार?” रोंडाने विचारलं.

“वेर्नाला मी सांगितलंय. असं कधीकधी होतं, नशीब असतं एकेकाचं.”

“डॉक्टर, नशीब नव्हतं ते. तिच्याही पोटावर कुणाचा तरी हात होता. त्याला तुम्ही विचारलंत का?”

डॉक्टर म्हणाले, जरा आवाज खाली. आधी इस्पितळाच्या वकिलांशी बोलायला हवं, हे असं कागदावर येऊन चालत नाही, आणि आल्या आल्या सगळ्यांशी वाकडं घेऊन तुला या धंद्यात दिवस काढता येणार नाहीत. रोंडा म्हणाली, मग राहू दे धंदा. नावं खोडणार नाही. जागा गेली हे तिला कळून चुकलं होतं. तिने कागद टेबलावर ठेवला.

तेवढ्यात ग्लेनने पेन काढलं. डॉक्टर म्हणाले, “ग्लेन, विचार कर.” त्याने त्यांच्याकडे न बघता खाली आपली सही केली. पण पेन झाकलं नाही. वरच्या रकान्यात, दोन नावांच्या खाली, त्याने सावकाश तिसरं नाव लिहिलं, हॅरिएट मॅकी.

“हिच्या नावापुढे शेरा नव्हता,” रोंडा म्हणाली.

“तक्रार केली नाही तिने,” ग्लेन म्हणाला. “माझ्या शेजारी राहते. पूर्वी रोज टेकडी चढून जायची.”