आठ दिवसांची निवळी

मला निर्णय घेता येत नाही, असं माझी बायको रक्षा म्हणते. मी तिच्यावर चिडतो, कारण ते खरं आहे. सहा आठवडे मी एकाच प्रश्नात अडकलो होतो: माझ्या प्रवाळांच्या टाकीला कॅल्शियम रिॲक्टर छोटा घ्यायचा की मोठा.

पिपरी मेघेत आमच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची दोनशे लिटरची टाकी आहे. प्रवाळ अंगाभोवती चुन्याचा सांगाडा बांधतात आणि त्यासाठी पाण्यातलं कॅल्शियम खातात. रिॲक्टर म्हणजे मेलेल्या प्रवाळांच्या तुकड्यांनी भरलेली नळी. तिच्यात कार्बन डायऑक्साइड सोडला की तुकडे विरघळतात आणि जिवंतांना पोसतात. छोटा घेतला तर उपासमार, मोठा घेतला तर अजीर्ण. म्हणून रोज किती खपतं ते मी पाणी तपासून वहीत लिहायचो. एप्रिलभर पाण्यातल्या कॅल्शियमचा आकडा उतरत होता. मग एकाएकी थांबला, तीन आठवडे जागचा हलेना. प्रवाळांनी खाणं सोडलं, की माझी चाचणीच खोटी? पुण्याच्या विक्रेत्यानं तर निर्वाणीचं सांगितलं होतं: रविवारी बाराच्या आत कळवा, नाहीतर पुढचा माल दिवाळीनंतर. पाठवलेला परत घेणार नाही.

त्या रविवारी माझी आई, मंदाबाई, आठच्या बसनं हिंगणीला तिच्या बहिणीकडे गेली, आठ दिवसांसाठी. नऊला मी शेवटची चाचणी करायला टाकीजवळ गेलो. सगळे प्रवाळ आक्रसलेले. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. पीएच एरवी सव्वाआठच्या आत असतो. मीटर आठ पॉइंट आठ दाखवत होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत आठ पॉइंट नऊ झाला.

"तू काही टाकलं काय टाकीत?" मी रक्षावर ओरडलो.

"मी काऊन टाकू? ते बालटी पाय मागची."

टाकीमागच्या बादलीच्या तळाशी पांढरा गाळ होता. बोटावर घेऊन पाहिला. आईच्या पानाच्या डब्यातला चुना. मी फोन लावला.

"आई, टाकीत काय टाकलं तू?"

"चुन्याची निवळी टाकली बाबा," बसच्या खडखडाटात ती म्हणाली. "आठ दिवस मी नाई, म्हून आठ गडू एकदमच टाकून आली."

"कोनं सांगतलं होतं तुले? मारून टाकलं तू सगळ्याइले!" मी फोन कापला.

वडील गेले तेव्हासुद्धा मी असा घाबरलो नव्हतो. याची मला लाज वाटते, पण खरं ते खरं. टाकीतला हिरवा प्रवाळ पाच वर्षांपूर्वी अंगठ्याएवढा आणला होता, आता तो ताटाएवढा झाला होता. चुन्याला उतारा एकच, रिॲक्टरला लागतो तोच गॅस. अन् त्याचा सिलिंडर अजून यायचा होता.

"सोड्यात कोनता गॅस असते मंग?" रक्षा म्हणाली.

मी गाडीला किक मारली. चौकातला तानबा सोडावाला नुकतीच गाडी लावत होता.

"मसाला का लिंबू?"

"साधा. बारा बाटल्या. मीठबीठ काई नको."

"पाव्हणे आले काय?"

"मरून राह्यले," मी म्हणालो. तानबानं भराभर बाटल्या काढून दिल्या.

घाई केली असती तर उलटा झटका बसला असता. अर्धी बाटली ओतायची, दहा मिनिटं थांबायचं. मीटर नऊवर गेला होता. दोन बाटल्या झाल्या, तो हलला नाही. रक्षा माझा खांदा धरून उभी होती. तिसऱ्या बाटलीनंतर आठ पॉइंट नऊ. सहाव्या बाटलीला साडेअकरा वाजले होते, आणि आकडा आठ पॉइंट चार. मासे खाली गेले. हिरव्या प्रवाळाची दोन-चार टोकं बाहेर आली, तेव्हा मी फरशीवर बसलो आणि रडलो.

तेवढ्यात विक्रेत्याचा फोन. "छोटा की मोठा, साहेब?"

मी वही उघडली. आकडा थांबला होता तो अक्षयतृतीयेपासून. आठ दिवसांचे आठ गडू, म्हणजे रोजचा एक: माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "पाच मिनिटं द्या," म्हणून मी आईला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. मागं बसचा आवाज नव्हता.

"कुठं आहे तू?"

"वाटेतच सेलूले उतरली. स्टँडवर बसून आहे. पुढं जावं वाटेना अन् घरी याचं भेव वाटे." मग हळूच म्हणाली, "मेले काय रे सगळे?"

"नाई. जगले. आई, कव्हापासून टाकून राह्यली तू?"

"अक्षयतृतीयेपासून. तू रोज म्हने, कॅल्शियम कमी, कॅल्शियम कमी. तू लहान होता तं तुले चमचाभर देत होती. याइचं खटलं मोठं, म्हून गडूभर. तू हात लावू देत नाई, म्हून तू उठाच्या आंधी टाको."

तीन आठवडे मी चाचणीला शिव्या देत होतो आणि आई माझ्या प्रवाळांना जेवू घालत होती. ते रोज गडूभर निवळी खात होते, आणि थांबलेला आकडा पाहून मी छोटा मागवून त्यांना उपाशी मारणार होतो.

"मोठा," मी विक्रेत्याला सांगितलं, आणि सेलूला निघालो.

आई पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. मला पाहून ती उठली, पण जवळ आली नाही.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "मशीन येईपर्यंत तूच टाकजो. पण रोज एकच गडू."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि थोडा विचार केला.

"आठ दिवसाचं तं झालं टाकून," ती म्हणाली. "मंग आता मले हिंगणीले सोडून दे."

तिचं गणित बरोबर होतं. मी गाडी हिंगणीच्या रस्त्याला लावली.