कॅम्पातले अकरा दिवस

बेळगावचा कॅम्प मी पहिल्यांदा पाहिला तो चौतीस सालच्या मार्गशीर्षात. पाहिल्याबरोबर वाटलं, इथली माणसं काहीतरी घरी विसरून आलीत आणि ते आणायला परत पळत सुटलीत. कुणी सायकलवर, कुणी टांग्यात, गोरे शिपाई रांग धरून पाय आपटत. एक मडम कुत्र्याला साखळी बांधून फिरवत होती, म्हणजे कुत्राच तिला ओढत नेत होता. रस्ता एवढा रुंद की आमच्या कणकुंबीची दहा घरं त्यात मावली असती, तरी बाजूला व्हा म्हणून मागून घंटी वाजायचीच. पावाच्या भट्टीचा वास, घोड्यांच्या लिदीचा वास, मध्येच साबणाचा वास. इंग्रजी, हिंदी, कानडी, गोव्याचं बोलणं, सगळं एकात एक. ओळखीची मराठी कानावर आली की मी मान वळवायची, तोवर बोलणारा पुढं गेलेला असायचा.

मला इथं आणलं माझ्या नवऱ्यानं, रवळूनं. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण त्यानं जे केलं ते नाव घेऊनच सांगायला हवं. तो एका कप्तानाच्या बंगल्यात माळी होता. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि तो गावी यायचा गणपतीला आणि शिमग्याला. सगळे दिवस एकत्र केले तरी आमचा संसार दोन महिन्यांचाही झाला नव्हता. आता बंगल्यामागची एक खोली मिळत होती, पण अट होती. मी मडमेच्या पाच वर्षांच्या पोरीची आया व्हायचं. जमलं तर खोली आमची, नाही जमलं तर मी परत सासूपाशी. खोली पत्र्याची होती, दुपारी तव्यासारखी तापायची, पण चूल आम्हां दोघांचीच होती. ती खोली मला हवी होती, आणि हे मी कुणापाशी लपवलं नाही.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मडमेनं आतून हाक मारली, "आया!" मी ऐकली आणि बसून राहिले. पुन्हा हाक आली. मी बसूनच. तिसरी हाक यायच्या ऐवजी मडमच आली, तोंड लाल करून.

आमच्या रानात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, दुसरीलाही नाही. रानातलं जे काही असतं ते दोनदाच हाक मारतं, तिसऱ्यांदा त्याला मारता येत नाही. माझी आई अशीच, आजी अशीच. हे मी मुद्दाम करत नव्हते. कान ऐकायचे आणि अंग थांबायचं. बंगल्यात कुठलं आलंय रान, असं तुम्ही म्हणाल. पण त्या बंगल्याभोवतीचे वड आमच्याकडच्यापेक्षा जुने होते.

बटलर आण्णाप्पा निपाणीकडचा, मडमेचं इंग्रजी तोच आम्हाला सांगायचा. तो माझ्यावर खेकसला, "कान फुटल्यात काय गं तुझं? मडम दोनदा वरडली न्हवं?"

"तिसऱ्यांदा कुठं वरडली?" मी म्हटलं.

त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

मग मी ठरवलं की पहिल्या हाकेलाच उठायचं. ठरवलं तरी पाय उठेनात. दिवसभर मी कान टवकारून असायची. बसले तर वाटायचं हाक आली, उठले तर आलेली नसायची. रात्री डोळा लागला तरी दचकून जागी व्हायची. या गावानं माझी झोप घेतली आणि बदल्यात काही दिलं नाही, असं मला वाटायला लागलं.

रवळूचं उलटं होतं. "माली!" एवढं ऐकू आलं की तो हातातली झारी टाकायचा, पाठ वाकवायचा आणि धावत सुटायचा. एकदा चिखलात पायताण रुतलं ते तिथंच सोडून गेला. कणकुंबीत हाच माणूस वाटेत अस्वल आलं तरी चाल बदलत नसे. धावताना तो एकदा माझ्याकडं बघायचा आणि लगेच मान फिरवायचा. माझ्यामुळं नोकरी जाईल म्हणून चिडलाय, असं मी समजत होते. खोलीत आला तरी दाराकडं तोंड करून जेवायचा आणि हात धुऊन बाहेर निघून जायचा.

नवव्या दिवशी मडमेकडं चहाला चार पाहुण्या आल्या. पोरगी झोपाळ्यावर होती, मी शेजारी. मडमेनं तिला हाक मारली. पोरीनं एक बोट वर केलं. दुसरी हाक आली, तिनं दुसरं बोट वर केलं. पाहुण्यांच्या कपबश्या थांबल्या. तिसरी हाक चांगलीच चढ्या आवाजात आली, तेव्हा कुठं पोरगी "येस, ममा" म्हणत उतरली आणि शाबासकीसाठी माझ्याकडं बघायला लागली. संपलं, म्हटलं, गेली खोली.

मडमेनं आण्णाप्पाकरवी विचारलं, हे काय आहे? मी घाबरत घाबरत रानातलं सगळं सांगितलं. त्यानं ते इंग्रजीत कसं सांगितलं देव जाणे, पण एक म्हातारी मडम टोपी कलंडेपर्यंत हसली. मग आमचीही हसली. त्या दिवसापासून ती "आया, आया, आया" अशी एका दमात हाक मारायला लागली आणि मी ताडकन उठायला लागले. माझा जीव भांड्यात पडला. रवळूला मी हे हसत हसत सांगितलं. तो हसला नाही.

अकराव्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "मडम नगं म्हनालीया. गठुडं बांध. दुपारच्या मोटारीनं जा."

मी रडले. रडत रडतच लुगडी बांधली. फाटकापाशी आण्णाप्पा आला आणि बिस्किटांचा पुडा माझ्या हातात देऊन म्हणाला, "पोरगी सकाळधरनं रडालीया. मडम म्हनती, सासूचं दुखनं बरं झालं की लगी परत ये."

सासूचं दुखणं? मी रवळूकडं बघितलं. तो कुंपणाची पानं तोडत उभा होता.

मोटार अड्ड्यापर्यंत मी त्याच्या पुढं पुढं चालत गेले. टपावर पोती चढत होती, कोंबड्या ओरडत होत्या. मग मात्र मला राहवेना.

"अवो, मी हितं नगं हाय काय तुमास्नी? दुसरी कोन हाय काय?"

"दुसरी कुठली गं." तो मोटारीच्या चाकापाशी उकिडवा बसला. मग खाली बघतच म्हणाला, "शिमग्याला येतो तवा माझ्या गळ्यात ढोल असतोय. मानसं वाट सोडत्यात. त्यो रवळू तुला ठावं हाय. हितं कुनी माली म्हनलं की मी पळतोय. चार वरसं पळालो, कायबी वाटलं न्हाय. आता तू बघतीस. मडम तुला तीनदा हाक मारती, आनि मी एका हाकंला तुझ्याम्होरनं वाकून पळतोय. मला पळवंना झालंय, जये. आनि पळल्याबिगर भागत न्हाय."

मला भयंकर राग आला होता, आणि तो आता कुणावर काढावा ते कळेना. ड्रायव्हरनं हँडल मारलं. कंडक्टर ओरडला, "बाई, बसनार हाय काय न्हाय?"

"न्हाय," मी म्हटलं आणि गाठोडं उचलून चालायला लागले.

रवळू मागून आला. "आईच्या दुखन्याचं काय सांगू?"

"बऱ्या झाल्या म्हना."

परत येताना सायकली तशाच घंट्या वाजवत होत्या. मी वाटभर शब्द जुळवत होते. पळण्यात लाज कसली, असं सांगावं. ते खोलीसाठी आहे, माझ्यासाठी आहे, असं सांगावं. पण त्याला लाज वाटत होती हे खरं होतं, आणि माझ्या सांगण्यानं ती जाणार नव्हती.

फाटकातून आत आलो तोच व्हरांड्यातून हाक आली, "माली!"

रवळू जागीच थांबला. त्याची पाठ वाकायला लागली होती, पण पाय उचलत नव्हता. तो माझ्याकडं बघत होता.

मी गाठोडं कमरेवर घेतलं, त्याच्याकडं पाठ केली, आणि त्याची पावलं व्हरांड्याच्या पायरीला पोचेपर्यंत रस्त्याकडं तोंड करून उभी राहिले.