दादाने खोडलेल्या ओळी

दादाला झटका आला त्याला सात महिने झाले. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं सगळंच गेलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांना किती समजतंय ते सांगता येणार नाही. फार अपेक्षा ठेवू नका." असं म्हणायला त्यांचं काय जातंय! ज्या माणसाने जन्मात माझं एक वाक्य दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही, त्याच्याकडून मी अपेक्षा ठेवायची नाही तर कुणाकडून ठेवायची?

मी त्याची धाकटी बहीण. एकतीस वर्षं कोर्टात टंकलेखिका होते. वहिनी गेल्यावर मी माझं बिऱ्हाड गुंडाळून दादाकडे राहायला आले आणि तेव्हापासून आम्ही दोघं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून भांडत आलो. भांडण शब्दांवरून. दादा हातकामाच्या शब्दांचा कोश करत होता. सुतार, गवंडी, शिंपी, लोहार, जो भेटेल त्याच्या शेजारी बसून बावीस वर्षं शब्द गोळा केले. मी एखादा अर्थ सुचवला की चष्म्याच्या वरून बघायचा आणि म्हणायचा, "हे कोर्टात चालेल, कोशात नाही." अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. आता तेच वाक्य ऐकायला मिळावं म्हणून जीव नुसता तुटतो.

मागच्या महिन्यात प्रकाशनाच्या बाई आल्या. भल्या बाई. दादाजवळ बसल्या, त्याचा हात हातात घेतला, मग स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाल्या, "झालेत तेवढे शब्द छापून टाकू या का? उरलेले दोनेकशे वगळू."

"एक महिना द्या," मी म्हटलं. "उरलेले मी लिहिते."

मला कोशाची काळजी होती असं नाही. पण पुस्तक छापून झालं म्हणजे दादाचंही झालं, असं माझ्या मनाने घेतलं होतं. पुस्तक उघडं आहे तोवर तो परत येईल, असं आपलं वाटायचं.

फाइल मी आधी माझ्या नेहमीच्या प्रोग्राममध्ये उघडली. पांढरं पान, वर रंगीबेरंगी बटणं. दादाला शेजारी बसवलं. त्याने एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई कप, कंगवा, खुर्चीची चित्रं दाखवायच्या तेव्हा तो डोळेच मिटून घ्यायचा, त्यातलाच हा प्रकार. मग मी त्याचा स्वतःचा एडिटर, म्हणजे तो कोश लिहायचा तो प्रोग्राम, उघडला. काळा पडदा, करडी अक्षरं, एक लुकलुकणारा चौकोन. दादाने मान वळवली आणि त्या चौकोनाकडे बघत बसला. नुसता बघत. मला तेवढं पुरे होतं. म्हटलं, हेच शिकायचं.

शिकताना नाकी नऊ आले. या एडिटरमध्ये बटण दाबलं म्हणून अक्षर उमटेलच असं नाही. आधी आय हे इंग्रजी अक्षर दाबून त्याला सांगायचं, की बाबा रे, आता मी लिहिणार आहे. लिहून झालं की कोपऱ्यातलं एस्केप दाबून कळवायचं, झालं माझं. एरवी प्रत्येक बटण म्हणजे एक हुकूम. पहिल्या दिवशी मी कोर्टातल्यासारखी धडाधड सुटले. चार ओळी गायब झाल्या, दोन जागच्या हलल्या, चौकोन भलतीकडेच जाऊन बसला. बाहेर पडायचा रस्ता सापडेना, तेव्हा सरळ मशीनच बंद केलं. नशीब, कुठल्याही कागदाची आधी नक्कल करायची सवय होती.

एडिटरच्या पोटात नवशिक्यांसाठी धडे आहेत. मुद्दाम चुका करून ठेवलेल्या ओळी, आणि त्या आपण सुधारायच्या. दादाची आंघोळ, न्याहारी उरकली की मी रोज एक धडा करायची. माउसला हात लावायचा नाही. खाली जायला जे, वर जायला के. वर आणि खाली असे शेजारी शेजारी बसवणाऱ्याला एकदा भेटायची इच्छा आहे माझी.

सगळ्यात छळ भाषेचा. लिहायचं मराठीत, पण हुकूम मात्र इंग्रजी बटणांनीच. आमच्या जुन्या साहेबांची तऱ्हा, गप्पा मराठीत आणि झापायचं इंग्रजीत. मी एस्केप दाबायची आणि कीबोर्ड मराठीवरच विसरायची. मग जे दाबा नाहीतर के दाबा, चौकोन ढिम्म. "अरे हल ना मेल्या!" मी ओरडायची. आणि मग दादाकडे बघायची. पूर्वीचा दादा पोट धरून हसला असता. हा पडद्याकडे बघत असायचा, डावा हात मांडीवर टाकून. तो हात चांगला होता, पण कशालाच उचलायचा नाही. चमचासुद्धा मीच धरायची.

"एकदा हस की रे," मी एकदा म्हटलं. "गाढव म्हण मला. काहीतरी म्हण."

तिसऱ्या आठवड्यात हात बसला. एकशे चाळीस शब्द झाले. प्रत्येक अर्थ मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला. एकशे चाळीस वेळा त्याच्या तोंडाकडे बघितलं. पापणीसुद्धा वेगळी हलली नाही. डॉक्टरांचं खरं असावं, असं मला पहिल्यांदा वाटलं, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

परवा मंगळवारी दुपारी खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येत होतं. अक्षरं दिसेनात, म्हणून लॅपटॉप उचलून दादाच्या डाव्या हाताशी ठेवला आणि मी त्याच्या बाजूला वाकून बसले. शब्द होता धावदोरा. शिवणकाम माझ्या हातातलं, म्हटलं हा चुटकीसरशी होईल. लिहिलं, "धावदोरा : शिलाईचा एक प्रकार." एस्केप दाबलं. वाचून दाखवलं.

दादाचा डावा हात मांडीवरून उठला.

मला वाटलं पाणी हवंय. पण हात कीबोर्डवर आला, चाचपडला, आणि बोटाने डी दाबलं. पुन्हा डी. काहीच झालं नाही. कीबोर्ड मी नेहमीसारखा मराठीवरच ठेवला होता. दादाने नाकातून जोरात श्वास सोडला. मग बोट सावकाश सरकत भाषा बदलायच्या बटणावर गेलं, ते दाबलं, परत आलं. डी. डी. माझी ओळ गेली.

मी तीच ओळ पुन्हा लिहिली. अक्षर न् अक्षर तेच. या वेळी त्याने वेळ लावला नाही. पुसली.

मग मी नीट लिहिलं, "पक्की शिवण घालण्याआधी कापड सरकू नये म्हणून घातलेले लांब, सैल टाके." तो वाचत होता. डोळे डावीकडून उजवीकडे जाताना मला दिसत होते. ही ओळ त्याने ठेवली. बोट के-वर गेलं, चौकोन एक ओळ वर चढला. माझाच कालचा शब्द. वाचला. डी, डी. त्याच्या वरचा. डी, डी.

"अरे, त्यात काय वाईट होतं?" मी ओरडले. "दादा, अख्खी सकाळ घातली होती त्याच्यावर!"

त्याने माझ्याकडे बघितलं. चष्मा नव्हता, तरी वरूनच बघितलं. आणि पुढची ओळ पुसली.

यू दाबलं असतं तर सगळ्या ओळी परत आल्या असत्या. ते मला येत होतं. मी हात पदराखाली घेतले आणि त्याच्याशी भांडत राहिले, रडत राहिले. चार वाजेपर्यंत माझे एकवीस शब्द गेले.

मग मी प्रकाशनाच्या बाईंना फोन लावला. म्हटलं, "महिन्यात काही व्हायचं नाही हो. दादा माझं एक वाक्य धड ठेवत नाहीये."