तुम्हाला नीट सांगता आलं नाही

अरिबा तांबोळीच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, हे मी बायकोला, मंदाकिनीलाही सांगितलं नव्हतं.

पत्र श्रावणात आलं होतं. मी इमेल उघडत नाही हे माझ्या या जुन्या विद्यार्थिनीला ठाऊक होतं, म्हणून तिने कागदावर लिहिलं होतं, तेही शाईच्या पेनाने. विद्यापीठातल्या मुलांना आपापल्या गतीने शिकता यावं म्हणून ती आणि तिचे मित्र 'आपापलं' नावाचं सॉफ्टवेअर बनवत होते. ते खुलं होतं. खुलं म्हणजे काय, यावर दोन पानं होती. 'कोड रिपोवर आहे, कोणीही फोर्क करू शकतं' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. शेवटी माझ्याकडून काहीतरी मागितलं होतं. काय, ते कळलं नाही.

होकार द्यावा तर कशाला ते माहीत नाही, नकाराचंही तेच. आणि आपल्याच विद्यार्थिनीला 'समजलं नाही' असं कळवणं संख्याशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाला कसं जमावं? मी पत्र शब्दकोशात ठेवून दिलं. निदान न समजलेल्या शब्दांना ती जागा शोभत होती.

"दिलंत का उत्तर त्या पोरीला?" मंदाकिनी अधूनमधून विचारायची.

"विचार करतोय."

"करा. कैरीचं लोणचंसुद्धा एवढं मुरत नाही."

दिवाळीनंतर अरिबा स्वतःच आली. खडकीहून स्कूटरवर, लॅपटॉप पाठीला अडकवून.

"सर, पत्र मिळालं होतं ना?"

"हो, हो."

"समजलं?"

"म्हणजे काय!"

मंदाकिनीने चहाचे कप ठेवता ठेवता माझ्याकडे एकदा पाहिलं.

"सर, मोठा प्रॉब्लेम झालाय," अरिबा म्हणाली. "प्रत्येक धड्याच्या शेवटी आम्ही विचारतो, 'समजलं का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. 'नाही' दाबलं की तीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने समोर येते. सगळी गंमत त्यातच आहे. पण 'नाही' कोणी दाबतच नाही! सगळ्यांना सगळं समजतं आणि चाचणीत सगळे आपटतात."

"मग?"

"मग आपल्या विभागातले म्हणतायत, मुलांना समजतंय तर हे हवंच कशाला? पुढच्या महिन्यात बैठक आहे. नोकरी सांभाळून दोन वर्षं केलंय, सर. बंद करतील."

हे शेवटचं ती बिस्किटांच्या बशीकडे बघत म्हणाली. मग लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही एकदा करून बघा ना. 'आपापलं'ची ओळख करून देणारा धडा आहे, सोपा."

मी वाचला. शेवटी प्रश्न आला, 'समजलं का?' मी लगेच 'हो' दाबलं.

"काय समजलं?" मंदाकिनीने मागून विचारलं.

मी चष्मा पुसायला घेतला.

"बरं, फोर्क म्हणजे काय, तेवढंच सांगा."

"काटा," मी म्हणालो.

अरिबा इतकी हसली की तिला कप खाली ठेवावा लागला. "फोर्क म्हणजे आपली वेगळी प्रत काढून हवी तशी बदलायची, सर! तुम्हीपण? मग 'नाही' का नाही दाबलंत?"

"तू समोर बसली होतीस. तुला वाईट वाटलं असतं."

"पण मुलांसमोर तर कोणीच नसतं. मशीनचं मन राखतात का ती?"

"सवय असते," मी म्हणालो. "वर्गातही कोणी नाही म्हणत नसे. अर्थात माझ्या वर्गात बहुतेकांना समजायचं. तुला प्रमाण विचलन समजलं होतं ना?"

अरिबाने बिस्कीट चहात बुडवलं. "नोकरी लागल्यावर समजलं, सर."

"मग हो का म्हणायचीस?"

"तुम्ही फळ्याकडे तोंड करून विचारायचात. आणि इतक्या हळू, की आम्ही नाही म्हटलं असतं तर तुम्हीच घाबरला असतात."

मी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. मंदाकिनी पुढे सरसावली.

"अगं, पण नाही म्हणायचंच कशाला? बँकेतला मुलगा फोनवर भराभरा काहीतरी सांगतो, तेव्हा मी म्हणते का, मला समजलं नाही? मी म्हणते, तुम्हाला नीट सांगता आलं नाही. बिचारा पहिल्यापासून सांगतो."

"काकू, परत बोला."

"तुम्हाला नीट सांगता आलं नाही."

अरिबाने तिथेच लॅपटॉप ओढला. थोड्या वेळाने 'नाही' गेलं होतं आणि त्या जागी मंदाकिनीचं वाक्य अख्खं बसलं होतं.

"खुलं असण्याचा हा फायदा," अरिबा म्हणाली. "कोणीही बदल सुचवावा. सुचवणाऱ्याचं नाव लागतं. मंदाकिनी काकू."

"आडनाव नको हं घालूस. लोकांना वाटेल, ह्यांनी सुचवलं."

महिन्याभराने तिचा फोन आला. "सर, धडाधड दाबतायत! विभागाने वर्षभर मुदत दिली. फक्त एक अट आहे. जिथे ते बटण सगळ्यात जास्त दाबलं गेलंय, त्या धड्याचं दुसरं स्पष्टीकरण या महिन्यात द्यायचं. नाहीतर बंद."

"छान. कोणता धडा?"

तिचा आवाज एकदम खाली आला.

"प्रमाण विचलन. विभागाच्या पुस्तिकेतला, तुम्ही लिहिलेला. तेवढ्याचीच दुसरी तऱ्हा आमच्याकडे नाही. पत्रात तेच तर विचारलं होतं, सर. दुसऱ्या तऱ्हेने लिहून द्याल का, म्हणून."

'हो, हो' तोंडाशी आलं होतं. ते गिळून मी म्हणालो, "अरिबा, ते पत्र मला समजलंच नव्हतं."

"माहीत आहे, सर. मला नीट लिहिता आलं नव्हतं."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, दुसरी तऱ्हा माझ्याकडे नव्हतीच. आयुष्यभर मी एकच तऱ्हा वापरली होती. रोज एक कागद लिहायचा आणि रोज एक फाडायचा, असं चाललं. महिना सरत आला. मंदाकिनीचा गुडघा दुखत असल्यामुळे हल्ली आमटी माझ्याकडे असते. एका दुपारी तिने पहिला घास घेतला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"काल अळणी, आज खारट. सरासरी अगदी बरोबर आहे हो तुमची. पण सरासरीवर जेवायचं कसं?"

मी ताटावरून उठलो. खरकट्या हातानेच कागद शोधला.

'प्रिय अरिबा, श्रावणातल्या पत्राचं हे उत्तर. दोन घरांत रोज आमटी होते. आठवड्याच्या मिठाची सरासरी दोन्हीकडे सारखीच. पण एका घरात माणसं सुखाने जेवतात आणि दुसऱ्या घरात तांब्या शोधतात. हा फरक मोजायचा कसा? रोजचं मीठ सरासरीपासून किती ढळतं, ते प्रमाण विचलन सांगतं...' तिथून लेखणी थांबली नाही. शेवटी लिहिलं, 'तरीही मला नीट सांगता आलं नसेल, तर बटण आहेच.'

"फोटो काढून पाठवा, सर," अरिबा फोनवर म्हणाली. मी टपालच बरं म्हटलं.

"संगणकाचा धडा टपालाने!" मंदाकिनी म्हणाली, पण गुडघा सांभाळत कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत सोबत आली. मी पत्ता पुन्हा वाचला. पाकीट उजेडासमोर धरलं.

"आता काय राहिलं?"

"एका ठिकाणी स्वल्पविराम..."

"अहो, खुलं आहे ना ते? घालेल कोणीतरी."

मी पाकीट पेटीत सोडलं.