ओळखीचा फार्मसिस्ट

तिने खिडकीतून आत सरकवलेली फाइल कारकुनाने वरवर चाळली आणि तशीच बाहेर ढकलली.

"या राज्यातल्या नोंदणीकृत फार्मसिस्टचं पत्र नाही यात. 'मी यांना व्यक्तिशः ओळखतो' असं लागतं. सही आणि नोंदणी क्रमांकासकट."

"मी लग्नानंतर इथे आलेय. मला इथला कोण फार्मसिस्ट ओळखणार?"

"मग ओळखी वाढवा," तो म्हणाला आणि तिच्या मागच्या माणसाची फाइल मागू लागला.

फार्मसी कौन्सिलच्या पायऱ्या उतरताना तिचे कान तापले होते. पदवी तीच, अभ्यासक्रम तोच, आणि राज्याची सीमा ओलांडली म्हणून तापाची गोळी काही वेगळी वागत नाही. तिकडे तिने मोठ्या रुग्णालयाच्या औषधखिडकीत काम केलं होतं, डॉक्टरांना फोन करून त्यांची चूक दाखवायचं धाडस केलं होतं. इकडे ती अडाण्यांत जमा. जुन्या राज्याचं कौन्सिल म्हणे, नव्या राज्याचा नोंदणी क्रमांक आणा, मग इथलं नाव कमी करू. नवं म्हणे, आधी तिथलं नाव कमी करा. ते कसंबसं मिटलं, तर आता हे. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! इथल्या रुग्णालयाने तिच्यासाठी जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती आणि महिना संपत आला होता.

सासूबाईंना मात्र यात काहीच अवघड वाटलं नाही.

"अगं, पलीकडच्या गल्लीतले काका आहेत की. कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या पाटीवर त्यांचंच नाव आहे. जा, सही घेऊन ये."

"त्या दुकानात मी कितीदा गेलेय. असे कुणी काका मला कधी दिसले नाहीत."

"ते कशाला बसतील दुकानात या वयात? नाव दिलंय त्यांनी. घरबसल्या सुटतं काहीतरी."

हा प्रकार तिला माहीत नव्हता असं नाही. नाव एकाचं, दुकान दुसऱ्याचं, गोळ्या काढून देणारा तिसराच. पण आज ते ऐकून तिच्या पायाची आग मस्तकाला गेली. जिला काउंटरमागे उभं राहायचं होतं तिला कागद मिळत नव्हता, आणि ज्याला उभं राहायचंच नव्हतं त्याच्या कागदाला भाडं मिळत होतं. तरी ती पत्र टाइप करून निघालीच. गरजवंताला अक्कल नसते.

काकूंनी दार उघडलं. काका भिंतीला धरून बाहेरच्या खोलीत आले आणि चाचपत खुर्चीत बसले. त्यांची पावलं सुजून सपातांबाहेर आली होती.

"सही ना? दे इकडे," ते म्हणाले. "कुठे करायची तेवढं बोट ठेवून दाखव. मोतीबिंदू पिकलाय माझा."

"आधी वाचून दाखवू?"

"त्यात काय वाचायचंय?"

तिने पेन त्यांच्या हातात दिलं, पण कागद पुढे करता करता ती थांबली.

"काका, पाय कधीपासून सुजलेत?"

उत्तर काकूंनी दिलं. "झाले असतील दोनेक महिने. चक्करही येते. परवा न्हाणीघरात पडता पडता वाचले. वय झालं, दुसरं काय!"

"गोळ्या कोणत्या चालू आहेत? बघू जरा."

काकूंनी डबा आणून दिला. ती एकेक पट्टी खिडकीच्या उजेडात धरून मागचा बारीक मजकूर वाचत गेली. शेवटी दोन पट्ट्या तिने बाजूला काढल्या.

"या दोन्ही देता?"

"हो. ही प्रेशरची, नेहमीची. मध्ये ती दुकानात नव्हती, तेव्हा ही दुसरी दिली त्यांनी. पुढच्या खेपेला मी दोन्ही रिकाम्या पट्ट्या दाखवल्या, तर दोन्ही मिळाल्या. मला वाटलं, वाढवली असेल."

"काकू, औषध एकच आहे, फक्त कंपनी वेगळी. काकांना रोज दुप्पट जातंय! आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन लावा."

फोन लागला. डॉक्टरांनी दुसरी गोळी तिथल्या तिथे बंद करायला सांगितली आणि संध्याकाळी तपासायला बोलावलं. काकूंचा चेहरा उतरला होता. काकांनी त्या पट्ट्या मागून घेतल्या, डोळ्यांशी नेल्या, मग नुसत्याच हातात धरून बसले.

"कुठून आणल्यास?"

"आपल्याच दुकानातून."

"त्याने काही विचारलं नाही?"

तिने गप्प बसायला हवं होतं. सही अजून व्हायची होती, आणि त्या सहीवर तिची नोकरी अडली होती. पण तिला राहवलं नाही.

"विचारायला तिथे असतं कोण, काका? तुम्ही असता. पाटीवर."

काकूंनी पदर तोंडाशी नेला. काकांनी पेनाला टोपण लावलं आणि ते तिला परत केलं. संपलं, तिच्या मनात आलं. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला.

"माझी काठी दे," काका काकूंना म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "तू चल माझ्याबरोबर. मला धर."

कोपऱ्यावर पोचायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. दुकानात गर्दी होती. काउंटरमागचा माणूस फोन खांद्याशी दाबून कात्रीने पट्ट्या कापत होता. काकांनी त्या दोन पट्ट्या काचेवर ठेवल्या.

"फार्मसिस्ट कुठायत?"

"आत्ताच जेवायला गेले," मान वर न करता तो म्हणाला. "काय हवं ते मला सांगा, आजोबा."

काकांनी काउंटरची फळी चाचपून उचलली.

"जेवून आले," ते म्हणाले आणि आत जाऊन स्टुलावर बसले. दम खाऊन झाल्यावर त्यांनी तिच्याकडे हात पुढे केला.

"आण तो कागद."