मूळचं कुठलं?

मी एक म्हातारं होत चाललेलं झुडूप आहे, मित्रांनो. झुडूप म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कमरेएवढं काहीतरी येईल. मी उभ्या जन्मात तुमच्या पोटरीच्या वर आलेलो नाही. माझी पानं खवल्यांसारखी बारीक, चार रांगांत काडीला घट्ट चिकटलेली, त्यामुळे फांदी वेणी घातल्यासारखी चौकोनी दिसते. उन्हाळ्यात तिला पांढऱ्या घंटा लागतात. लोक मला आर्क्टिक हेदर म्हणतात, पण युरोपातल्या माळरानांवर वाढणाऱ्या खऱ्या हेदर झुडपाशी माझं नातं लांबचंच. घराणं मात्र एक, एरिकेसी, ब्लूबेरीसुद्धा त्यातलीच. शास्त्रज्ञांनी आधी मला अँड्रोमेडा हे आडनाव लावलं, पुढे ते काढून कॅसिओपी लावलं. मला कोणी विचारलं नाही.

आमचा मुलूख म्हणजे पृथ्वीचा माथा: अलास्का, उत्तर कॅनडा, ग्रीनलंड, नॉर्वेचं वरचं टोक, सैबेरिया. काही भाऊबंद खाली उतरून वॉशिंग्टन राज्यातल्या डोंगरांपर्यंत आलेत. एक चुलत बहीण हिमालयात असते. मी मात्र जन्मलो कुंडीत, अलास्काच्या बियांपासून. चैत्रालीने मला त्याच वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल गावी तिच्या घरी आणलं. ती नागपूरची, इथल्या विद्यापीठात आमच्याच घराण्याचा अभ्यास करते. तिने मला बाल्कनीच्या थंड कोपऱ्यात ठेवलं आणि फारसे लाड केले नाहीत. माझं छान चाललं होतं.

मग तिची आई, वसुधाबाई, नागपूरहून राहायला आल्या. बाईंना माणसांचं भारी वेड. लिफ्टमध्ये, देवळात, किराणा दुकानात मराठी बोलणारं कोणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही मूळचे कुठले?" समोरचा पुण्याचा म्हणाला, तरी त्याचे आजोबा कुठून आले इथपर्यंत गाडी जायचीच. मला मात्र त्यांनी काही विचारलं नाही. नुसतं पाहिलं आणि ठरवून टाकलं, की ही आपल्या अंगणातली मोरपंखी.

डिसेंबरात चैत्राली एका कॉन्फरन्सला गेली. जाताना आईला म्हणाली, माझ्या झाडाकडे लक्ष दे. त्याच दिवशी बर्फ पडायला लागला. वसुधाबाईंनी मला लगबगीने आत घेतलं, हीटरशेजारी स्टुलावर बसवलं, कोमट पाणी घातलं. रोज पानांवरून बोट फिरवत त्या माझ्याशी गप्पा मारायच्या. इतकी माया माझ्यावर कधी कोणी केली नव्हती, आणि मी वाळत होतो. खालच्या फांद्या तपकिरी पडल्या, तेव्हा बाईंनी मला हीटरच्या आणखी जवळ सरकवलं.

चैत्राली परतली तेव्हा बाहेर अजून भुरभुर चालूच होती. बॅग दारातच टाकून ती माझ्याजवळ आली.

"आई, याला आत का आणलंस?"

"बाहेर गारठून मेलं असतं गं बिचारं."

चैत्राली रागावली नाही. मग हळूच म्हणाली, "तू सगळ्यांना विचारतेस. यालाच नाही विचारलंस, मूळचं कुठलं?"

तिने माझा मुलूख सांगितला. वसुधाबाई ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यात मी याला कूलरशिवाय कोंडलं," त्या म्हणाल्या.

चैत्राली कुंडी उचलायला वाकली, पण त्यांनी तिला हात लावू दिला नाही. शाल न घेताच मला बाल्कनीत नेऊन ठेवलं. बर्फ म्हणजे आमची गोधडी, हे चैत्रालीने त्यांना नुकतंच सांगितलं होतं. तरी तो माझ्यावर साचू लागला तसा तो झटकायला त्यांचा हात पुढे आला. त्यांनी तो मागे घेतला. पुन्हा आला, पुन्हा घेतला. त्या दिवशी मला त्यांची खरी माया कळली.

पुढच्या उन्हाळ्यात मला घंटा आल्या, पण एकाच बाजूला. वाळलेली बाजू परत हिरवी झाली नाही, आता होणारही नाही. वसुधाबाई नागपूरहून फोनवर मला पाहतात, तेव्हा चैत्राली कुंडी वळवून हिरवी बाजू समोर धरते. त्या मुद्दाम दुसरी दाखवायला लावतात.

मित्रांनो, झाड असो, जनावर असो की माणूस, घरात आणलंत तर खुशाल माया करा. फक्त ऊब देण्याआधी वसुधाबाईंचा तो प्रश्न विचारा. मला तो उशिरा विचारला गेला, म्हणून मी अर्धाच उरलो आहे.